नमुना सातची मागची बाजू

मोठ्या सिस्टरांच्या निरोप समारंभात डॉक्टरसाहेब त्यांना ‘मृदुभाषी’ म्हणाले, तेव्हा मला ठसका लागला. शेजारी बसलेल्या औषधखिडकीवरच्या बाईंनी माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. मी या आरोग्य केंद्राचा कारकून. बावीस वर्षं सिस्टरांच्या शेजारच्या खोलीत काढली आहेत, आणि मधली भिंत प्लायवूडची आहे. त्या मृदू बोलत असत्या तर माझ्या टाइप केलेल्या पत्रांत ‘जेवलीस का ते सांग, खोटं बोलू नकोस’ असली वाक्यं घुसली नसती. एकदा तर असं एक पत्र वरच्या कार्यालयापर्यंत गेलं होतं.

साहेबांनंतर जे बोलायला उठले त्यांनी त्यांना सेवेची मूर्ती केलं, त्यागाची मूर्ती केलं. मूर्ती समोर बसून बुटांतून पाय काढून बोटं मोडत होती. शेवटी साहेब मला म्हणाले, “भाऊसाहेब, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा. किती लसी, किती गृहभेटी, सगळं तुमच्याच कपाटात आहे.” आहे, कपाटात सगळं आहे. पण त्यातून ती बाई कुणाला दिसेल असं मला वाटत नाही. म्हणून साहेबांची दोन पानं लिहून दिली, आणि हे वेगळं लिहायला बसलो.

मोठ्या म्हणजे ज्येष्ठ. उंचीचा संबंध नाही, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. खांद्याला मात्र अशी पिशवी की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पिशवीच बाईला घेऊन चालली आहे. तिच्यात वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, मोजपट्टी, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची नळी, लोहाच्या गोळ्या, आणि तळाशी एक टॉवेल नि साबणाची डबी.

आमचं केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. मागे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, त्याच्यामागे कपडे धुणाऱ्यांच्या गल्ल्या आणि चार-चार मजली जुन्या इमारती. तिथल्या ज्या बायका आपण होऊन केंद्रावर येतात, त्यांची सिस्टरांना फारशी काळजी नसे. ज्या येत नाहीत, त्या त्यांच्या. नवऱ्यानं टाकलेली; नवऱ्यानं न टाकलेली, पण टाकली असती तर सुटली असती अशी; कामासाठी लांबून आलेली नि इथली भाषा न कळणारी; सोळाव्या वर्षी दिवस राहिलेली; बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडलेली. पोटातलं बाळ बाहेर येऊन दोन वर्षांचं होईपर्यंत अशा घरांत जात राहायचं, दार तोंडावर लावलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं, हे त्यांचं काम.

घरात शिरल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. “हात धुवायचेत, मोरी कुठंय?” नव्या डॉक्टरांना वाटायचं, काय ही स्वच्छतेची आवड. आवड होतीच, पण खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मोरीकडे जायचं तर स्वयंपाकघरातून जावं लागतं. जाता जाता शेगडीवर काय आहे, डब्यांत काय नाही, दूध कुणाच्या पेल्यात आहे, हे सगळं दिसतं. आणि पाणी घालायला घरातली बाई मागोमाग येते, पुरुष येत नाहीत. अर्धं बोलणं त्या पाण्याच्या आवाजातच उरकायचं.

नवऱ्यांच्या बाबतीत त्यांचं धोरण साधं होतं: रिकामा नवरा खोलीत नको. त्याला काहीतरी काम लावून द्यायचं. एकाला त्यांनी पोटातल्या बाळाच्या लाथा मोजायला सांगितल्या. तो इतका पेटला की लाथ आली नाही असं वाटलं तर बायकोला हलवून उठवायचा. आठ दिवसांनी ती केंद्रावर आली आणि म्हणाली, “सिस्टर, बाळ ठणठणीत आहे, मीच मरेन.” सिस्टरांनी त्याला बोलावून घेतलं, मोजणी उत्तम झाल्याचं सांगितलं, आणि त्याऐवजी रोज संध्याकाळी भांडी घासायला लावली. बाळाच्या वाढीला चांगलं असतं, म्हणाल्या. मूल आता पाचवीत आहे. तो अजून घासतो.

या सगळ्यात मी कुठेच नव्हतो. माझी खुर्ची खिडकीपाशी, पंखा बरोबर डोक्यावर, आणि दुपारी एक ते दोन माझ्याकडे कुणी यायचं नाही हे गावभर माहीत. पण गृहभेटीला दोघांनी जायचं असा नियम आहे, आणि यंदा सिस्टरांबरोबर जाणाऱ्या धाकट्या सिस्टर स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. साहेब म्हणाले, “भाऊसाहेब जातील.” मी माझी कर्तव्यसूची काढून त्यांच्यासमोर ठेवली. तिच्यात ‘गृहभेट’ हा शब्द औषधालाही नव्हता. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: ‘व इतर आनुषंगिक कामे’. ती ओळ कधीकाळी मीच टाइप केली होती.

अशी ती पिशवी माझ्या खांद्यावर आली. पहिल्या आठवड्यात मी जितके जिने चढलो तितके त्याआधी दहा वर्षांत चढलो नसेन. सिस्टर पुढे, मी मागे, आणि प्रत्येक मजल्यावर त्या वळून म्हणायच्या, “आलात का?” मला तो प्रश्न आवडत नसे.

आता मुद्द्यावर येतो. गल्लीच्या टोकाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. सातवा महिना. दोन महिने तिचं वजन वाढलं नव्हतं, आणि त्याच्या आधी वाढलं तेही नावापुरतं. सिस्टर तीन महिने त्या घरी जात होत्या. रक्तदाबाचा पट्टा बांधायला एकदा त्यांनी तिची बाही वर सारली, तर दंडावर चार बोटांचे निळे ठसे. मुलगी म्हणाली, “दार लागलं.” जिना उतरताना सिस्टर मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, इतकी वर्षं दारं, मोऱ्या नि कपाटांचे कोपरे बायकांना मारताहेत. एका दारावर अजून गुन्हा दाखल नाही.”

मुलीनं तोंड उघडलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकांसाठी एक आधारगृह आहे, तिथे बाळंतपणापर्यंत आणि नंतरही ठेवून घेतात. पण तिनं स्वतः सांगायला हवं. आणि ती सांगणार कधी, तर एकटी असेल तेव्हा. ती एकटी कधीच नसे. सिस्टरांचं म्हणणं होतं की हे असंच चाललं तर नववा महिना ती बघणार नाही, निदान बाळ तरी बघणार नाही. हे त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, म्हणून मला ते खरं वाटलं.

एकटी नसे, कारण सासू. आतल्या खोलीच्या दारात पाट टाकून बसलेली, अंगानं भक्कम, मांडीवर सूप आणि सुपात लसूण. सोलून ठेवलेल्या पाकळ्यांत पाच घरांचा स्वयंपाक झाला असता, तरी बाई सोलतेच आहे. सुनेला काही विचारलं की उत्तर सासूकडून यायचं. “भूक लागते का गं?” “लागते.” “मी तिला विचारलं.” “तिला लागते, ते मी सांगतेय.” आम्ही तिचं नाव ‘पहारा’ ठेवलं. माझं तर मत पहिल्याच भेटीत पक्कं झालं होतं. सासू ती सासू, तिला कुठल्या पुराव्याची गरज नसते.

तिच्या मुलालाही, म्हणजे त्या मुलीच्या नवऱ्यालाही, मी एकदा पाहिलं. जिन्यात भेटला, हसून नमस्कार केला, माझ्या खांद्यावरची पिशवी घेऊन दोन मजले वर आणून दिली. पुठ्ठ्याच्या कारखान्यात आहे, म्हणाला. मला मुलगा आवडला. हे इथे लिहून ठेवतो, कारण माणसं ओळखण्याच्या आपल्या कलेचा मला फार अभिमान होता.

पहाऱ्याला दहा मिनिटं हलवायचं, एवढंच सिस्टरांचं उद्दिष्ट. पहिला डाव त्यांचा जुनाच, हमखास लागू पडणारा: पाणी उकळून आणा. बाळंतपणाच्या नावाखाली पाणी मागितलं की घरातली मोठी बाई शेगडीपाशी जाते, आणि पातेलंभर पाण्याला आधण यायला दहा मिनिटं लागतात. इथे सासूनं बसल्या जागी हात लांब करून विजेच्या किटलीचं बटण दाबलं. दोन मिनिटांत पाणी हजर. “कशाला हवंय?” आता ‘कशालाच नको’ म्हणणार कसं. सिस्टरांनी पिशवीत हात घातला आणि जे हाताला लागलं ते पाण्यात टाकलं. ती कापडी मोजपट्टी होती. दुसऱ्या दिवशी तीन घरांतल्या बाळांची डोकी एकदम मोठी झालेली दिसली, तेव्हा लक्षात आलं की पट्टी आटली आहे.

दुसरा डाव: जुने कागद शोधून आणा. सासूनं कागद बुडाखालच्या पाटाखालून काढून दिले. तिसरा डाव: लघवी तपासायची आहे, हिला घेऊन मी सज्जाच्या टोकाच्या संडासात जाते. सासू सूप घेऊन मागोमाग गेली आणि दाराबाहेर उभी राहून विचारत राहिली, “झालं का? आत दोघी कशाला? झालं का?” शेजारच्या दोन दारांतून माणसं बघायला बाहेर आली.

त्या दिवशी जिन्याच्या वळणावर सिस्टर थांबल्या. “भाऊसाहेब, आता तुम्हीच.”

“मी काय?”

“तिला बाहेर सज्जात बसवून फॉर्म भरा. तुम्ही फॉर्म भरायला घेतलात की समोरच्या माणसाला हलता येत नाही, हे मी बावीस वर्षं बघतेय. मला दहा मिनिटं द्या.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मला कळत होतं. तरी छाती थोडी फुगली, खोटं कशाला बोलू.

फॉर्म म्हणजे नमुना सात. पुढच्या बाजूला घराची माहिती: माणसं किती, खिडक्या किती, पाणी कुठून, शेगडी कसली. मागची बाजू काय आहे हे मला त्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, जरी तो कागद मीच टाइप केलेला होता. टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. कारकुनाला दोन्ही एकदम जमत नाही.

पुढच्या मंगळवारी मी सज्जात बैठक मारली आणि गंभीर आवाजात म्हणालो, “मावशी, कुटुंबप्रमुखाची सही लागेल. बाहेर या.”

“कुटुंबप्रमुख मुलगा आहे.”

“घरी आहे?”

“नाही.”

“मग हजर कोण? तुम्ही. तुमचंच लिहितो.”

बाई चकित झाली. सूप घेऊन बाहेर आली, पण बसली अशी की एक डोळा आतल्या खोलीवर आणि दुसरा जिन्यावर. सिस्टरांनी आतून दार लोटून घेतलं. मी घड्याळ बघितलं आणि सुरुवात केली. खिडक्या? दोन. उघडतात किती? एक. दुसरी का उघडत नाही? तिला खिळा मारलाय. खिळा कुणी मारला? हा प्रश्न फॉर्मात नव्हता, पण मला वेळ काढायचा होता. पाणी? खालच्या नळाचं. किती बादल्या? बादली केवढी? एरवी लोक माझ्या अशा प्रश्नांवर वैतागतात. ही बाई नीट विचार करून उत्तर देत होती. बादलीला कान एकच आहे, हेही तिनं सांगितलं, आणि मी ते लिहिलं.

तरी सहा मिनिटांत पुढची बाजू संपली. मी कागद उलटला. पुढची बाजू संपली की मागची घ्यायची, हा आमचा धर्म आहे. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मागच्या बाजूला वर बारीक अक्षरांत ‘फक्त स्त्रीस, एकांतात व स्त्री कर्मचाऱ्यानेच विचारावे’ असं लिहिलेलं आहे. अक्षर बारीक, कारण सगळं एका पानात बसवायला ते मीच बारीक केलं होतं. चष्मा असूनही मला ते दिसलं नाही.

“रात्री झोप नीट लागते का?” मी वाचलं.

लसूण सोलणारे हात थांबले. “हे पण आहे फॉर्मात?”

“छापील आहे.”

“नाही लागत.”

“कारण?” तसा रकाना होता.

तिनं जिन्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “हे कोण वाचतं?”

“सिस्टर. बाकी कुणी नाही.”

“माझा मुलगा?”

“त्याला कसं मिळेल? कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.”

“मग लिहा,” ती म्हणाली. “त्यांच्या खोलीच्या दारात मी आडवं अंथरूण टाकते. तो पिऊन आला की आत जायला त्याला मला ओलांडावं लागतं.”

मी लिहिलं. लिहिताना मला कळलं की आपण काहीतरी भलतंच करतो आहोत. पण अर्धा भरलेला फॉर्म मी आयुष्यात कधी सोडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर थांबायचं कसं हेही सुचेना. “घरात कुणाची भीती वाटते का?” मी पुढचं वाचलं.

“माझ्याच पोटचा आहे. हो, लिहा.”

“कुणी हात उगारतं का?”

“तो मला ओलांडायला लागला की मी उठते. मग तो माझ्यावर थांबतो. कधी थांबतो, कधी नाही थांबत. कारखान्यातनं त्याला काढून दोन महिने झाले, आता दिवसाही केव्हा येईल नेम नाही. म्हणून मी तिच्यापासून हलत नाही.” तिनं बाही थोडी वर केली आणि लगेच खाली घेतली. मला जे दिसलं ते मी कुठल्याही रकान्यात लिहिलं नाही.

शेवटचा प्रश्न उरला होता. “घर सोडावं लागलं तर जायला दुसरी जागा आहे का?”

“मला?” ती म्हणाली. जणू मी दुसऱ्याच कुणाला विचारत होतो. “मी आई आहे त्याची, साहेब. मी कुठं जाणार? हिला न्या.”

एरवी भरलेल्या फॉर्मवर मी लगेच सही घेतो. त्या दिवशी फॉर्म घडी करून आतल्या खिशात घातला. मला माझी लाज वाटत होती. पहारा, पहारा म्हणून मी त्या बाईला तीन आठवडे हसलो होतो. सिस्टर बाहेर आल्या, माझ्याकडे बघून मान हलवली. आत मुलगी दहा मिनिटं नखं बघत बसली होती, एक शब्द बोलली नव्हती.

जिन्याच्या वळणावर मी कागद त्यांच्या हातात दिला. आधी त्यांनी मला झाडलं. “तुम्ही पुरुष. उघड्या सज्जात, शेजाऱ्यांच्या दारांपुढे. तो वर आला असता म्हणजे? वरची ओळ वाचता येत नाही? अक्षर एवढं बारीक कुणी केलं?” मी कबूल केलं. मग त्या वाचायला लागल्या. वाचता वाचता पायरीवर बसल्या. त्यांना कुणाच्या दारी बसायला सांगितलं तरी त्या दोनदा आढेवेढे घ्यायच्या, आणि आता खरकटं पाणी सांडलेल्या पायरीवर बसल्या होत्या.

“काखेत कळसा,” त्या म्हणाल्या, आणि म्हणीचं पुढचं अर्धं त्यांच्या तोंडून आलं नाही. “तीन महिने मी त्या पोरीचा एकुलता एक आधार दारातनं उठवायला बघत होते, भाऊसाहेब. उठली असती म्हणजे?” त्या रडत होत्या. बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं, आणि काय करावं ते न कळून पिशवीतला टॉवेल काढून दिला. त्यांनी नाक शिंकरलं, टॉवेल परत दिला, आणि पुन्हा वर चढल्या.

या वेळी मोरी विचारली नाही. सरळ सज्जात सासूशेजारी जमिनीवर बसल्या, सुपातला लसूण उचलून सोलायला लागल्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो, कुणी वर येतं का बघायला. दोघी काय बोलल्या ते सगळं ऐकू आलं नाही. एवढं ऐकू आलं की सासू म्हणाली, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं तुम्ही मला उठवताय ते. मोजपट्टी कुणी उकळतं का?” आणि थोड्या वेळानं सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही दोघी. एकटी ती नाही. दोघी.”

गुरुवारी सकाळी तो झोपलेला असतो, असं ठरलं. केंद्रावर तपासणी, असं त्याला सांगायचं. पण आधारगृहाच्या अधीक्षिका फोनवर तयार होईनात. “सासू?” त्या म्हणाल्या. “अहो, सासूपासून पळून बायका आमच्याकडे येतात. तुम्ही सासू घेऊन कुठं येताय?” सिस्टर त्यांच्यावर ओरडल्या, मग मी फोन घेतला. मला ओरडता येत नाही, मला नियम वाचता येतात. आदल्या संध्याकाळी मी त्यांचीच नियमावली काढून ठेवली होती. नियम अकरा, पोटनियम तीन: गरोदर स्त्रीसोबत एक सोबतीण राहू शकेल. “सोबतीण कोण असावी हे त्यात नाही,” मी म्हणालो, “आणि कोण नसावी हेही नाही.” त्या म्हणाल्या, असं कधी झालेलं नाही. मी पोटनियम पुन्हा वाचला. अर्ध्या तासात चार वेळा वाचला. सिस्टर म्हणतात ते खरं असावं: माझ्यासमोर माणूस हलू शकत नाही. अधीक्षिका शेवटी म्हणाल्या, “आणा बाबा.”

गुरुवारी पिशवीत वजनकाटा नव्हता, दोघींचे कपडे होते. आम्ही चौघं जिना उतरून दारापाशी पोचलो, आणि समोरून तो आला. झोपलेला नव्हता, रात्रीचा परतलाच नव्हता. डोळे लाल. “कुठं निघालात?” त्यानं आईला विचारलं. आईनं सुनेच्या पुढे पाऊल टाकलं. माझ्या खांद्यावरची पिशवी एकदम इतकी जड झाली की वाटलं, आता हिचं तोंड उघडणार.

“बरं झालं आलास,” सिस्टर म्हणाल्या, त्या आवाजात, जो प्लायवूडमधून येतो. “दोघींचं रक्त काढायचंय. बाळाच्या बापाचंही लागतं. चल, मोठी बाटली घेते. उपाशी आहेस ना? हात दाखव, शीर बघू.” आणि खरंच त्याचं मनगट धरलं.

आई आणि बायकोवर हात टाकणारा तो गडी पांढरा पडला. “मला काम आहे,” म्हणाला. “नंतर येतो.”

“नक्की ये,” सिस्टर म्हणाल्या. “दहापर्यंत आहे मी.” तो वर गेला आणि आम्ही रस्त्याला लागलो. मागे वळून बघू नका, असं त्यांनी आम्हाला कोपऱ्यापर्यंत तीनदा सांगितलं. बसमध्ये चढल्यावर मुलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडची जागा मला दिली.

आधारगृहात एक छोटी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. नमुना सातची मागची बाजू आता रीतसर भरायची होती: मुलीला, एकांतात, स्त्री कर्मचाऱ्यानं. सिस्टरांना काही बोलायचीही वेळ आली नाही. सासूबाई आपणहून उठल्या. “मी बाहेर बसते,” म्हणाल्या. “इतके दिवस तुम्हाला हेच हवं होतं ना.” आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसल्या, हात मांडीवर. त्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं, आज सूप नव्हतं.

आत काय झालं ते सिस्टरांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मुलगी गप्प. दुसरा विचारला. गप्प. त्यांना वाटलं, संपलं, इथे आणूनही हिचं तोंड उघडत नाही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आईंना आत बोलवा. मी बोलत नव्हते ते त्यांच्यासाठीच. मी बोलले असते तर तुम्ही मला नेलं असतं, आणि त्या तिथं एकट्या राहिल्या असत्या.”

दार उघडलं. सिस्टर उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि ज्या बाईला उठवण्यासाठी त्यांनी तीन महिने जंग जंग पछाडलं होतं तिला म्हणाल्या, “मावशी, आत या. तुमच्याशिवाय अडलंय.”

त्या उठल्या. त्यांच्या मागोमाग, पिशवी घेऊन, मीही उठलो. तीन आठवड्यांची सवय.

“तुम्ही नाही, भाऊसाहेब,” सिस्टर म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.